मेगाबिट आणि मेगाबाईट : मापातील आठाचा भेद

आपल्या असोसिएशनच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, गोदामातील मालाची निगा इत्यादी व्यवहारोपयोगी विषयांवर सभासद बंधू वेळोवेळी लिहीत आले आहेत. यंदा मजकडे लेखाची मागणी आली, तेव्हा एका नव्या मापाविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. हे माप धान्याचे नव्हे, तेलाचे नव्हे, कापडाचेही नव्हे. तारेतून वाहत येणाऱ्या माहितीच्या वेगाचे हे माप आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला घाऊक धान्याचा व्यापारी. संगणकशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार मला नाही. परंतु माप आणि तोल यांत माझा जन्म गेला, आणि या एका मापाच्या अज्ञानापायी माझ्या हातून एका गरीब मुलावर अन्याय घडला. तसा तो इतर कोणाच्या हातून घडू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडलेली हकीकत

दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानात इंटरनेटची नवी जोडणी घेतली. जी.एस.टी.ची विवरणपत्रे, ई-वे बिले, बँकेचे व्यवहार आणि गोदामातील कॅमेरे ही सर्व कामे आता तारेवाचून होत नाहीत. कंपनीच्या कागदावर 'शंभर' हा आकडा ठळक छापलेला होता व त्याप्रमाणे पैसेही आगाऊ भरले होते. जोडणी करावयास आलेला तरुण आमच्याच पेठेत पूर्वी पोती वाहणाऱ्या एका हमालाचा मुलगा. त्याने तार जोडली व परीक्षेसाठी एक मोठी फाईल उतरवून घेण्यास लावली. पडद्यावर वेगाचा आकडा आला तो '११.३'.

शंभराचे पैसे आणि माल अकरा! मी चार शेजारी व्यापाऱ्यांदेखत त्यास म्हणालो, "शंभर पोत्यांचे पैसे घ्यावयाचे आणि अकरा पोती टाकावयाची, याला आमच्या पेठेत चोरी म्हणतात." मुलाचा चेहरा उतरला. तो एवढेच म्हणाला, "सावकार, आठानं भागून बघा की." मला ते उद्धटपणाचे उत्तर वाटले. मी त्याच्या कागदावर सही केली नाही, आणि तो गेल्यावर कंपनीच्या कचेरीस दूरध्वनी करून त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदविली.

रात्री घरी नातीचे शाळेतील संगणकाचे पुस्तक सहज हाती आले. पहिल्याच धड्यात लिहिले होते की आठ बिटांचा एक बाईट होतो. मी कंपनीचा कागद पुन्हा काढून पाहिला. तेथे शंभर मेगाबिट असे होते. पडद्यावरील आकडा मेगाबाईटचा होता. मुलगा खरे बोलला होता, आणि खोटे माप माझ्याच डोक्यात होते.

बिट म्हणजे काय, बाईट म्हणजे काय

संगणकास केवळ दोन गोष्टी कळतात : आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. अशा एका 'आहे-नाही'स बिट म्हणतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली संदेशवहनाच्या गणितावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हा शब्द आला, आणि तो जॉन टुकी यांनी सुचविल्याचे त्यांनी नमूद केले. बिट हे सर्वांत लहान माप. त्याचे तुकडे होत नाहीत.

एका बिटाने अक्षर लिहिता येत नाही. त्यासाठी अनेक बिटांचा जुडगा करावा लागतो. अशा जुडग्यास १९५६ च्या सुमारास आय.बी.एम. कंपनीतील वर्नर बुखहोल्झ यांनी 'बाईट' हे नाव दिले. आरंभी हा जुडगा सर्वत्र सारखा नव्हता, सहा बिटांचे जुडगेही वापरात होते. १९६४ साली आय.बी.एम.ने 'सिस्टिम ३६०' हे यंत्र आठ बिटांच्या बाईटवर आधारून आणले, आणि पुढे आठाचेच माप सर्वत्र रूढ झाले.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस हे समजावयास कठीण जाऊ नये. आमच्या आईच्या स्वयंपाकघरातील फळीवर मापांची उतरंड असे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे शेरात कोळवी आठ. बिट हे कोळवे समजावे आणि बाईट हा शेर समजावा. कोणी शंभर कोळवी धान्य घालीन असे कबूल केले, आणि आपण घरी ते शेराने मोजून साडेबाराच भरले म्हणून त्यास चोर ठरविले, तर दोष कोणाचा?

तारेचे माप बिटांत का ?

येथे कोणी विचारील, की साठा बाईटमध्ये मोजावयाचा आणि वेग बिटांमध्ये, ही दुहेरी पद्धत कशासाठी? ग्राहकास भुलविण्यासाठी मोठा आकडा दाखवावा हा हेतू जाहिरातदारांच्या मनात नसेलच असे मी म्हणत नाही, परंतु मूळ कारण ते नव्हे. तारेतून माहिती एकामागून एक बिट अशी धावते, चाळणीतून दाणे पडावेत तशी. दाणे पुढे शेरात भरले जातात की पायलीत, याच्याशी चाळणीस कर्तव्य नाही. तारायंत्राच्या काळापासून अभियंत्यांनी तारेची शक्ती दर सेकंदास किती खुणा जातात यावर मोजली. फ्रान्समधील तारायंत्राचे अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून 'बॉड' हे माप आले, ते याच खुणांचे. पुढे एका खुणेवर अनेक बिटे लादण्याची युक्ती निघाली. उदाहरणार्थ, दर सेकंदास २४०० खुणा, प्रत्येक खुणेवर ४ बिटे, म्हणून वेग ९६०० बिट. एका फेरीत हमाल किती पोती उचलतो, तसा हा हिशेब. म्हणून बॉड व बिट हे एकच समजू नयेत. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेचे माप बिटांत मोजण्याचा तिच्या काळचा प्रघात आजही चालू आहे.

लहान बी आणि मोठे बी

घोटाळ्याचे खरे मूळ लिखाणात आहे. मेगाबिट प्रति सेकंद आणि मेगाबाईट प्रति सेकंद या दोहोंचे संक्षिप्त रूप तोंडाने 'एम.बी.पी.एस.' असेच उच्चारले जाते. भेद केवळ कागदावर. इंग्रजी लिपीतील लहान 'बी' असेल तर बिट, मोठा 'बी' असेल तर बाईट. आपण धान्याचे व्यापारी, बी लहान की मोठे हे पारखल्याशिवाय सौदा करीत नाही. येथेही तेच करावे.

सामान्यतः असा संकेत आहे : कंपनीच्या जाहिरातीतील व बिलातील वेग मेगाबिटमध्ये असतो. फाईलचा आकार, महिन्याची वापरमर्यादा, मोबाईलची व डिस्कची साठवण हे सर्व बाईटमध्ये असते. फाईल उतरत असताना संगणक जो वेग दाखवितो, तो बहुधा मेगाबाईटमध्ये असतो. परंतु वेग तपासण्यासाठी म्हणून जी चाचणी मिळते, ती निकाल बहुधा मेगाबिटमध्ये देते. तो आकडा कंपनीच्या कागदाशी थेट ताडावा, आठाने भागू नये. मी आधी ही चाचणी लावली असती, तर पुढचा प्रसंग टळला असता.

शंभराचे साडेबारा, साडेबाराचे सव्वाअकरा

आठाने भागल्यावर शंभराचे १२.५ होतात. मग पडद्यावर ११.३ का आले? उरलेला माल कोठे गेला? व्यापारी मनुष्यास हा प्रश्न पडावयासच हवा. मलाही पडला, आणि त्याचा हिशेब पुढे मिळाला तो असा.

पहिली वजावट बारदानाची. माहिती सुटी जात नाही. तिची लहान पुडकी बांधली जातात व प्रत्येकावर कोणाकडून, कोणाकडे, कितवे पुडके, हे लिहिलेले असते. तारेच्या प्रचलित पद्धतीत एका पुडक्यासाठी तारेवरील १५३८ बाईटची जागा लागते. त्यात प्रत्यक्ष माल १४६० बाईट. उरलेले ७८ बाईट म्हणजे पत्ते, तपासणीचे अंक व दोन पुडक्यांमध्ये सोडलेले अंतर. बारदान सुमारे पाच टक्के. ते वजा जाता १२.५ चे ११.८७ मेगाबाईट उरतात. पोत्यासकट वजन आणि निव्वळ वजन यांतील भेद आपणांस कोणी शिकवावयास नको.

दुसरी वजावट ही खरे म्हणजे वजावट नव्हे, एका नावाच्या दोन मापांचा खेळ आहे. दशमान पद्धतीप्रमाणे किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे दहा लाख. परंतु संगणकाची स्मृती दुपटीदुपटीने वाढते : २, ४, ८, १६ असे करीत दहाव्या दुपटीस १०२४ येतात. १०२४ हे हजाराच्या जवळ, म्हणून संगणकवाल्यांनी त्यासही किलो म्हणावयास सुरुवात केली. त्यांचा मेगा १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६. आमच्या दुकानातील संगणक याच पद्धतीने मोजतो. ११.८७ मेगाबाईट या मोठ्या मापाने मोजले की ११.३ भरतात. दाणा एकही कमी झाला नाही, माप मोठे झाले म्हणून आकडा लहान झाला.

दुपटी व निमपटीचा हा विचार आपल्या परंपरेस अपरिचित नाही. आचार्य वीरसेनांच्या नवव्या शतकातील धवला टीकेत 'अर्धच्छेद' ही संज्ञा येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती गणती म्हणजे तिचे अर्धच्छेद. आठाचे अर्धच्छेद तीन, १०२४ चे दहा. संगणकाच्या सर्व मापांच्या मुळाशी हीच गणती आहे.

एका नावाची दोन मापे असली की भांडण ठरलेले. हा घोटाळा मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ साली मोठ्या मापांस स्वतंत्र नावे दिली : १०२४ बाईटचा किबिबाईट, १०,४८,५७६ बाईटचा मेबिबाईट. परंतु ही नावे अद्याप बाजारात फारशी रुळलेली नाहीत. म्हणूनच १ टेराबाईटची डिस्क विकत आणून संगणकास लावली, की अनेकदा तो ९३१ गिगाबाईट दाखवितो. दुकानदारास दोष देऊ नये. त्याने हजाराच्या मापाने दिले, संगणकाने १०२४ च्या मापाने मोजले.

आपल्या व्यापारातही हे घडलेले आहे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. बंगाली मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलोचा. नाव एकच, वजन जवळजवळ तिप्पट. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, तरीही परगावच्या सौद्यात मण कोठला हे आधी लिहून घ्यावे लागे, असे वडील सांगत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि क्विंटल म्हटले की गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत शंभर किलोच, ही निश्चिती आपणांस लाभली. माहितीच्या व्यापारात ती निश्चिती पूर्णपणे अजून यावयाची आहे. तोवर प्रत्येकाने आपला हिशेब आपण करावा.

ध्यानात ठेवण्याचे कोष्टक

८ बिट = १ बाईट
१ किलोबिट = १००० बिट = १२५ बाईट
१ मेगाबिट = १००० किलोबिट = १२५ किलोबाईट
८ मेगाबिट = १ मेगाबाईट
१ गिगाबिट = १००० मेगाबिट = १२५ मेगाबाईट

बिटांवरून बाईट काढण्यास आठाने भागावे, बाईटवरून बिट काढण्यास आठाने गुणावे. तोंडी हिशेबासाठी दहाने भागले तरी चालते. आठाऐवजी दहा घेतल्याने बारदानाची वजावटही आपोआप धरली जाते व उत्तर थोडे कमी पण भरवशाचे येते.

व्यवहारातील तीन उदाहरणे

पहिले. गोदामाच्या कॅमेऱ्याचे २ गिगाबाईट चित्रण ४० मेगाबिटच्या तारेने उतरवावयाचे आहे. ४० भागिले ८ म्हणजे दर सेकंदास ५ मेगाबाईट. २ गिगाबाईट म्हणजे २००० मेगाबाईट. वेळ ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद. जो आठाने भागणार नाही, तो पन्नास सेकंदांची अपेक्षा धरील आणि कंपनीस शिव्या देईल.

दुसरे. तेच चित्रण आपणांस परगावी पाठवावयाचे आहे. येणाऱ्या मालाचा वेग व जाणाऱ्या मालाचा वेग हे कित्येक योजनांत निरनिराळे असतात, आणि जाहिरातीत बहुधा येणाऱ्याचाच आकडा ठळक असतो. जाण्याचा वेग १० मेगाबिट असेल, तर दर सेकंदास १.२५ मेगाबाईट जातील. २००० मेगाबाईटना १६०० सेकंद, म्हणजे २६ मिनिटे ४० सेकंद लागतील. योजना घेताना दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

तिसरे उदाहरण पैशाशी अधिक जवळचे आहे. समजा गोदामात ६ कॅमेरे असून प्रत्येकाचे चित्रण २ मेगाबिट वेगाने रात्रंदिवस दूरच्या साठवणीत जाते. एकूण १२ मेगाबिट, म्हणजे दर सेकंदास १.५ मेगाबाईट. दिवसाचे सेकंद ८६,४००. दिवसाचा वापर १,२९,६०० मेगाबाईट, म्हणजे १२९.६ गिगाबाईट. तीस दिवसांचा ३८८८ गिगाबाईट. आता योजनेची मासिक मर्यादा ३३०० गिगाबाईटची असेल व जाणारा मालही त्यात धरला जात असेल, तर ती सव्विसाव्या दिवशीच संपेल, आणि महिनाअखेर, नेमक्या हिशेबाच्या दिवसांत, तार मंद पडेल. १२ मेगाबिट हा आकडा शंभरापुढे क्षुल्लक दिसतो, पण तो महिनाभर थांबत नाही हे लक्षात घ्यावे. नळाची धार बारीक असली तरी रात्रभर चालू राहिल्यास हौद भरतोच.

जाता जाता एक गोष्ट. सरकारने 'ब्रॉडबँड' या नावास पात्र होण्यासाठी किमान वेग ठरविला आहे. २००४ साली तो २५६ किलोबिट होता, २०१३ साली ५१२ झाला, आणि जानेवारी २०२३ पासून २ मेगाबिट आहे. आठाने भागले असता हे अनुक्रमे ३२, ६४ व २५० किलोबाईट होतात. आता वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे.

तक्रार केव्हा करावी ?

या सर्वाचा अर्थ असा नव्हे की कंपनी जे देईल ते मुकाट्याने घ्यावे. आठाने भागून व बारदान वजा करूनही माल फारच कमी भरत असेल, तर तक्रार जरूर करावी. मात्र आधी संगणक थेट तारेने जोडून पाहावा, कारण बिनतारी जोडणीत भिंती व अंतर यांमुळे वेग घटतो. घरातील इतर यंत्रे त्या वेळी बंद ठेवावीत. सकाळी, दुपारी व रात्री अशी तीन वेळा चाचणी घेऊन आकडे वहीत लिहावेत. अशी तीन दिवसांची नोंद पुढे ठेवली, की कोणत्याही कचेरीस ती टाळता येत नाही. मी यांतले काहीही केले नव्हते.

शेवटी माझ्या प्रकरणाविषयी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या कचेरीत गेलो. तक्रारीची नोंद झाली होती व मुलास त्याबद्दल जाब विचारला गेला होता. त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, कारण ग्राहकाची सही कागदावर नव्हती. मी लेखी दिले की माझी तक्रार चुकीची होती, माप मला कळले नव्हते, काम बरोबर झाले आहे. मग मुलास दुकानी बोलाविले. आदल्या दिवशी जे चार व्यापारी हजर होते, त्यांनाही मुद्दाम बोलाविले, कारण चारचौघांत केलेला आरोप खोलीत बसून परत घेता येत नाही. त्यांच्यासमोर मी चूक कबूल केली व कागदावर सही केली. मुलगा संकोचून म्हणाला, "असू दे सावकार, समदेच असं म्हणतात." हे त्याचे वाक्य मला माझ्या चुकीपेक्षा अधिक लागले. रोज कोणी ना कोणी त्यास चोर म्हणत असणार, आणि तो रोज आठाने भागावयास सांगत असणार.

आपल्या शास्त्रकारांनी अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे माप व तोल कमीअधिक करणे, हा एक अतिचार सांगितला आहे. देताना कमी माप वापरू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु दुसऱ्याने दिलेला माल आपल्या मनातील चुकीच्या मापाने मोजून त्यास चोर ठरविणे, हाही त्याच जातीचा दोष आहे, असे मला त्या दिवशी कळले. सभासद बंधुभगिनींस विनंती एवढीच, की यापुढे इंटरनेटचे बिल हाती येईल तेव्हा आकड्याशेजारील 'बी' लहान आहे की मोठा, हे प्रथम पाहावे, आठाने भागावे, आणि मगच तोंड उघडावे.